शुद्धिपत्र

भैरोबा नाल्याच्या अलीकडे, टायरवाल्याला लागून
तिमण्णा धोत्रेची पत्र्याची शेड.
तो दगडाच्या भुकटीत, भुवयांसकट पांढरा.
त्याला मी कागद दिला होता:
तबिथा शांतवन भिंगारदिवे,
दोन तारखा,
आणि खाली एकच शब्द, नांगर.
चित्र काढून दिलं नाही.
एकतीस वर्षं लोकांच्या वेलांट्या तपासतोय,
शब्द अपुरा पडेल असं वाटलंच नाही.

सोमवारी गेलो तर शिळेवर
फाळ, हाळीस, रुमणं.
जुवाची खीळसुद्धा. बैल तेवढे नव्हते.

"अहो, जहाजाचा हवा होता."
तिमण्णानं छिन्नी खाली ठेवली.
"जहाजाचा? पुण्यात?"

खरंच आहे. मुठेत काय बुडतं,
तर निर्माल्य, आणि एखादी स्कूटर.

मग मी उकिडवा बसून सांगू लागलो.
रोमच्या पोटात भुयारं होती, मऊ दगडाची,
आमची पहिली माणसं तिथं पुरलेली.
क्रूस उघडा काढत नसत.
क्रूस म्हणजे तेव्हा फाशीचा खांब,
आणि आपल्या माणसाला ज्यावर मारलं
ते लाकूड कोण काढतं थडग्यावर?
म्हणून नांगर. उभा दांडा, वर आडवी पट्टी.
ज्याला दिसायचा त्याला दिसे.
बाकीच्यांना वाटे, असेल कुणी खलाशी बिचारा.
कधी दोन्ही बाजूंना मासे.
आणि काहीजण तर म्हणतात, ग्रीकमध्ये नांगर म्हटलं
की 'प्रभूमध्ये' म्हटल्यासारखं ऐकू यायचं,
म्हणजे मुळातली कोटीच ती.

तिमण्णा ऐकत होता की माझ्या चपलांकडे बघत होता, कळेना.
"तिथं कोरायचं कोण?"
खोदणारेच. कुदळवाले.
ओल्या चुन्यात, खिळ्यानं, नाहीतर बोटानं.
नावं चुकलेली, अक्षरं उलटी,
ग्रीक शब्द लॅटिन लिपीत कोंबलेले,
शांती हा शब्दसुद्धा कुठं कुठं अशुद्ध.
"मग तपासायला कुणी नव्हतं?"
नव्हतं, म्हणालो,
आणि जरा गप्प झालो.

आई शेवगावकडची.
आशेचं ते वचन, ज्यात जिवाला नांगर आहे,
ती रात्रपाळीत म्हणायची, दवाखान्यात बेडपॅन धुताना.
एकदा तिला हर्णैला नेलं.
वाळूत एक गंजका पडला होता.
बघ आई, म्हटलं, हा तुझा नांगर.
तिनं वाकून पाहिला, चहूबाजूंनी,
मेथीची जुडी पाहावी तसा.
"याला फाळ कुठाय?
यानं भुई कशी उकलायची?"
मी दुरुस्ती केली. तिनं ऐकून घेतली.
तरी पुढं ते वचन आलं की
तिची उजवी मूठ मिटायची, खाली दाबायची,
चर्चच्या बाकावर बसल्या बसल्या.
ते मी बघत आलो होतो
आणि संधिवात समजत होतो.

त्या जुन्यांतल्या कुणाला तर
शेतातल्या नांगरातही क्रूसच दिसला होता,
असं कुठंसं वाचलंय. पण हे तिमण्णाला सांगितलं नाही.
त्यानं न वाचताच कोरलं होतं.

छापखान्यात चुकून बरोबर शब्द खोडला गेला
तर त्याखाली ओळीनं ठिपके देतो आम्ही.
म्हणजे, होता तसा राहू द्या.
लाल पेन्सिल दगडावर उमटेना.
मग फाळाखालच्या भुकटीत
बोट टेकवत गेलो,
एक, दोन, तीन, चार.

तिमण्णा वाकला. चष्मा वर केला.
"बियाणं का?" म्हणाला.
"कोरायचं असेल तर वेगळे पैसे पडतील."